इरकलीचा पदर आणि दुसरा टप्पा

येळवस, म्हणजे वेळ अमावास्या, होऊन दोन दिवस झाले होते. शिवरंजनी चार दिवसांच्या रजेवर नळदुर्गला आली होती, आणि तिच्या आजोबांनी, शंभुलिंग गुरुजींनी, शनिवारी दुपारी पडवीत मुलं जमवली होती. गुरुजींनी एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी शनिवारची ही बैठक कधी मोडली नव्हती. आज मात्र शिकवणार होती नात. ती पूर्व किनाऱ्यावरच्या एका कारखान्यात कामाला होती. तिथं रॉकेटांचं घन इंधन तयार होतं. उद्या रविवारी सकाळी सुटणाऱ्या रॉकेटाच्या दुसऱ्या टप्प्याचं इंधन ओतलं, तेव्हा त्या हॉलमध्ये ती होती.

"ताई, रॉकेटात डिझेल घालत्यात का?" मल्लेशनं पहिलाच प्रश्न विचारला. त्याचे वडील हैदराबाद रोडला ट्रक चालवायचे.

"डिझेल नाही. आमचं इंधन पातळ नसतंच. घट्ट असतं, रबरासारखं."

"मग जळतंय कसं?"

"जळायला काय लागतं?"

"हवा," भैरवी म्हणाली. ही पाचवीतली मुलगी कायम सगळ्यात पुढे बसायची.

"आणि वर हवा नाही. म्हणून हवेचं काम करणारा एक पांढरा क्षार, मिठासारखा, त्या इंधनातच कालवलेला असतो. त्यात ॲल्युमिनियमची पूड आणि सगळ्याला धरून ठेवणारं चिकट रबर. गुऱ्हाळावर गेलायत ना? काकवी दाट होत आली की काय करतात?"

"साच्यात ओतत्यात."

"आमचंही तसंच. फक्त आमच्या साच्याच्या मधोमध एक दांडी उभी असते, चांदणीच्या आकाराची. ओतलेला माल कितीतरी दिवस मंद उबेत ठेवायचा. तो घट्ट झाला की दांडी ओढून काढायची. मग आत वरपासून खालपर्यंत चांदणीच्या आकाराची पोकळी राहते. आग त्या पोकळीत लावतात, आणि इंधन आतून बाहेर जळत येतं."

"गोल भोक का न्हाय?"

शिवरंजनीनं खडूनं जमिनीवर एक गोल काढला, त्याच्याशेजारी चांदणी काढली. "दोन्हींच्या कडेनं मुंगी चालली, तर जास्त वाट कुठं?"

"चांदणीत."

"म्हणजे जळणारा पृष्ठभाग तिथं जास्त. सुरुवातीला जोर जास्त लागतो, तो असा मिळतो."

उत्कर्ष इतका वेळ गप्प होता. तो म्हणाला, "मधीच बंद करायचं असलं तर?"

"करता येत नाही."

"म्हंजी?"

"नळ नाही, चावी नाही. एकदा पेटलं की संपेपर्यंत जळणार. इंधनात भेग असली, एखादा बुडबुडा राहिला असला, तरी सुटल्यावर कुणाच्या हातात काही नसतं. जे बघायचं ते आधी. म्हणून ओतून झालं की त्याचा माणसासारखा एक्स-रे काढतात."

"माझ्या बापूच्या गाडीवानीच हाय," मल्लेश म्हणाला. "तिचा बी ब्रेक लागत न्हाय." मुलं हसली. गुरुजींनीही हसून घेतलं आणि टप्प्यांची गोष्ट स्वतःकडे घेतली.

"माझ्या लहानपणी मालाची गाडी तुळजापूरचा घाट चढायची, तेव्हा पुढं आणखी एक बैलजोडी जुंपायचे. चढ संपला की ती सोडून द्यायची. रॉकेटात याच्याही पुढची गोष्ट असते. तळाचा टप्पा सगळ्यात जड. तो शंभरेक सेकंदांत जळून जातो आणि मागं उरतं रिकामं नळकांडं. ते आता नुसतं ओझं. मग वरच्यानं ते का वाहायचं? ते खाली समुद्रात पडू द्यायचं. तेवढ्यात दुसरा टप्पा पेटतो. तो त्याच्या वाट्याचा वेग देतो आणि गळतो. मग तिसरा. प्रत्येकाच्या वेळी ओढायचं वजन कमी झालेलं असतं, म्हणून तेवढ्याच जोरात वेग जास्त वाढतो."

"अन् टोकाला?"

"टोकाला उपग्रह. आणि त्यांच्याखाली एक लहानसं पातळ इंधनाचं इंजिन. घन इंधनाला थांब म्हणता येत नाही, म्हणून शेवटचं थोडं उणं-अधिक ते इंजिन नीट करतं."

"पण वर गेल्यावर खाली का पडत न्हाय?" भैरवीनं विचारलं.

"किल्ल्यात उपळी बुरुजावर चढलीयेस ना? तिथून दगड आडवा फेकला तर कुठं पडतो?"

"तटाच्या आतच. मल्लेशचा तर पायऱ्यांवर पडतो."

"जोरात फेकला तर लांब पडेल. आणखी जोरात, तर गावाबाहेर. जमीन सपाट नाही, गोल आहे. दगड इतका वेगानं गेला की तो जेवढा खाली येतो तेवढीच जमीनही त्याच्याखाली वळते, तर तो जमिनीला लागेल का? तो पडतच राहतो आणि पृथ्वीभोवती फिरत राहतो. नळदुर्गाहून सोलापूर सहा सेकंदांत, एवढा वेग लागतो."

"आमच्या एश्टीला दीड तास लागतो," उत्कर्ष म्हणाला.

मग गुरुजींना वाटलं, पोरीच्या कामातली जोखीम मुलांना कळायला हवी. ते म्हणाले, "ताईच्या हॉलमध्ये आगकाडी नसते, चूल नसते. तरी तिथं सगळ्यात भीती कशाची, माहीत आहे? घासण्यानं साचणाऱ्या विजेची. एवढीशी ठिणगी पुरते. दाखवतो तुम्हाला."

त्यांनी पेटीतून काचेची दांडी काढली. कागदाचे बारीक कपटे ताटलीत पसरले. दांडी घासायचा रेशमाचा जुना तुकडा उंदरांनी खाल्ला होता. त्यांनी आत हाक मारली, "अहो, रेशमाचं एखादं चिंधूक आहे का?"

शिवरंजनीची आजी, शिवम्मा, पदराला हात पुसत बाहेर आल्या. त्यांच्या हातात टीचभर डाळिंबी कापड होतं. "ह्ये घ्या. रंजीची पिशवी शिवून उरल्यालं."

गुरुजींनी तुकडा घेतला, दांडीवर वीस-पंचवीस वेळा घासला आणि दांडी ताटलीवर धरली. हवा थंड आणि कोरडी होती. कपटे टुणकन उडून दांडीला चिकटले. मुलं पुढे सरकली. आता कापड कपट्यांजवळ धरायचं, म्हणजे वीज दोन्हींत साचते हे कळतं. शाळेतली एकतीस वर्षं हे असंच चालत आलं होतं. गुरुजींनी तुकडा उचलला, आणि त्यांचा हात तसाच राहिला.

त्यांनी नातीकडे पाहिलं. शिवरंजनीचा हात गळ्याशी गेला होता.

"अज्जा, पुढं?" भैरवी म्हणाली.

"पुढचं उद्या," गुरुजी म्हणाले. "सकाळी आठला या सगळे. रॉकेट बघायचंय."

मुलं गेली. पडवीत तिघंच राहिली.

शिवरंजनीच्या गळ्यात इष्टलिंग होतं. त्यांच्या लिंगायत घरात ते जन्मापासून अंगावर असतं आणि माणूस मातीत जातो तेव्हाच त्याच्याबरोबर जातं. ते अंगावेगळं करत नाहीत. लिंग आधी चांदीच्या डबीत होतं. कारखान्यात लागल्यावर तिला सांगितलं गेलं, हॉलमध्ये धातू चालणार नाही. तिनं वरिष्ठांना सगळं समजावून सांगितलं आणि त्यांनी डबी काढून लिंग कापडात ठेवायची परवानगी दिली. मागच्या वर्षी ती सुट्टीवर आली, तेव्हा शिवम्मांनी आपल्या इरकली लुगड्याची पिशवी शिवून दिली. दोराही त्याच लुगड्याचे धागे वळून केला. इरकलीचं अंग सुती असतं. पण पदर वेगळा विणून अंगाला जोडलेला असतो, आणि तो रेशमाचा असतो. शिवम्मांनी लिंगासाठी पदर कापला होता. वापरून, धुऊन त्या रेशमाची चकाकी गेली होती. दारावर विचारलं, कापड कसलं, तेव्हा शिवरंजनी म्हणाली होती, आजीच्या इरकलीचं, सुती.

पिशवी शिवताना गुरुजी तिथंच बसले होते. सुईत दोरा त्यांनीच ओवून दिला होता.

"किती वेळा गेलीस आत?" त्यांनी विचारलं.

"ओतण्याच्या वेळी तीनदा."

"दारावर तांब्याची पट्टी असते म्हणाली होतीस. हात लावून आत जायचं."

"माझ्या अंगातली वीज पट्टीतून जमिनीत जाते, अज्जा. सुतातलीही निघून जाते. रेशमातली जात नाही. ती तिथंच बसते." तिनं मान खाली घातली. "ओतताना मी साच्यावर वाकले होते. ही पिशवी अंगरख्याच्या आत होती, पण घासत तर असणारच. अकरा माणसं होतो आम्ही."

शिवम्मांना अजून नीट कळलं नव्हतं. "काय झालं? काय वंगाळ झालं का?"

"झालं काही नाही, अव्वा. होऊ शकलं असतं."

"माझ्या पिशवीनं?"

शिवम्मा खाली बसल्या. "म्या म्हनलं, देवाला चांगलं वस्त्र. सुती तर फडकं असतंय. म्याच मोठेपना केला."

"तुम्हाला काय माहीत असणार," गुरुजी म्हणाले. "माहीत मला होतं. दरवर्षी काचेच्या दांडीवर रेशीम घासून पोरांना दाखवलं, आणि घरात रेशीम शिवलं जाताना मी समोर बसून होतो. म्हटलं, डबी गेली, धातू गेला, काळजी मिटली."

बाहेर हायवेवरून गाड्यांचा आवाज येत होता. मग गुरुजी म्हणाले, "रंजी, सुती पिशवी आजच शिवून होईल. ओतून झालं, त्याला किती महिने झाले. एक्स-रे झाला. टप्पा चांगला आहे. उद्या उडेल."

"हो. टप्प्याला काही झालेलं नाही."

"मग कापड बदल. झालं."

शिवरंजनीनं त्यांच्याकडे पाहिलं. गुरुजींना आपले शब्द ऐकू आले आणि त्यांनी नजर वळवली.

"मार्चमध्ये मोठ्या टप्प्याचं ओतणं आहे," ती म्हणाली. "त्या गटात माझं नाव पहिलं आहे. दोन वर्षं मी त्याची वाट बघते. हे सांगितलं की मला हॉलमध्ये घेणार नाहीत."

"म्हणूनच म्हटलं मी."

"माहीत आहे. माझ्याही मनात तेच आलं, तुमच्या आधी." तिनं बोटानं जमिनीवरचा खडू पुसला. "पण दारावरच्या माणसानं माझ्या शब्दावर मला सोडलं, अज्जा. त्याला वाटलं, हिला कळतं. तो बाकीच्यांनाही असंच सोडत असणार. कुणाच्या दंडात ताईत आहे, कुणाच्या मनगटाला राखीचा दोरा. प्रत्येकजण म्हणतो, साधा दोरा आहे. कुणी खोटं बोलत नाही. मीही बोलले नव्हते."

"व्हय," शिवम्मा हळूच म्हणाल्या. "आन् त्यास्नी बी घरी आई असंल."

संध्याकाळी, दिवे लागायच्या सुमाराला, शिवरंजनीनं अंगणात उभं राहून गोपाळकृष्ण सरांना फोन लावला. ते सुरक्षा विभागाचे प्रमुख होते. उद्याच्या उड्डाणाच्या गडबडीत ते फोन घेतील असं गुरुजींना वाटलं नव्हतं, पण त्यांनी घेतला. ती हिंदीत बोलत होती. कोणत्या तारखांना, कुठं उभी होती, दारावर काय विचारलं आणि आपण काय उत्तर दिलं, सगळं तिनं क्रमानं सांगितलं. आजीचं किंवा आजोबांचं नाव तिनं एकदाही घेतलं नाही. कापड निवडताना मी खात्री केली नाही, एवढंच म्हणाली. मग ती नुसतीच ऐकत राहिली.

फोन ठेवून ती आत आली.

"रागावले?" गुरुजींनी विचारलं.

"नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, लेखी पाठव. आणि चौकशी होईपर्यंत हॉलच्या बाजूला फिरकू नको. म्हणाले, उद्याचं उड्डाण बघ. तुझाही टप्पा आहे तो."

तिनं त्याच संध्याकाळी सगळं लिहून पाठवलं. गुरुजी शेजारी बसले होते. लिहून झाल्यावर तिनं त्यांना वाचायला दिलं. एका वाक्यापाशी ते थांबले आणि म्हणाले, "इथं 'कदाचित' लिहिलंयस. ते काढ. रेशीम होतं, हे तुला आता नक्की माहीत आहे." तिनं ते काढलं.

रविवारी सकाळी मुलं आठच्या आधीच आली. पडवीत खुर्चीवर लॅपटॉप मांडला होता. भैरवीनं येतानाच विचारलं, "अज्जा, कालचं राहिलेलं?"

"आधी रॉकेट," गुरुजी म्हणाले. "आणि कालचं का राहिलं, तेही सांगणार आहे. माझी एक चूक आहे त्यात."

"तुमची?" मल्लेशला ते खरं वाटलं नाही.

उलटी गणती संपली. पांढऱ्या धुराचा लोट खाली पसरला आणि रॉकेट त्यातून वर आलं. पातळ इंधनाची मोठी रॉकेटं हळू उचलली जातात, हे नुसतं सुटलं. मुलं ओरडली. शिवरंजनी खांबाला टेकून उभी होती. तिचे ओठ हलत होते. ती सेकंद मोजत होती.

"आता पहिला संपेल," ती म्हणाली. पडद्यावरची ज्वाळा बारीक झाली, विझली, आणि एक काळी नळी मागं पडत गेली. क्षणभर काहीच दिसलं नाही. मग नवी ज्वाळा फुटली.

"ह्यो तुमचा?" उत्कर्षनं विचारलं.

तिनं मान हलवली. तो टप्पा जळत होता तेवढा वेळ गुरुजी पडद्याकडे बघत नव्हते, तिच्याकडे बघत होते. ज्या हॉलमध्ये हे इंधन ओतलं, त्या हॉलमधली बाकीची दहा माणसं त्यांच्या मनात होती. त्यांची नावंही त्यांना माहीत नव्हती. आज ती सगळी कुठं ना कुठं आपापल्या घरी हेच बघत असतील.

दुसरा टप्पा गळाला. रॉकेट काही काळ तसंच, न जळता, वर जात राहिलं. मग तिसरा पेटला. तो संपल्यावर लहान इंजिन थोडं चाललं आणि शेवटी तीन उपग्रह एकामागून एक सुटले. तिकडच्या खोलीतली माणसं उठून टाळ्या वाजवत होती. मुलांनीही वाजवल्या. शिवम्मा दारातून बघत होत्या.

"आता त्ये पडनार न्हायत ना?"

"पडतायत, अव्वा. सारखे पडतायत. पण जमीन खाली वळत जाते."

"म्हंजी पडत न्हायत," शिवम्मा म्हणाल्या आणि आत गेल्या.

मग गुरुजींनी मुलांना सगळं सांगितलं. पिशवी, पदर, आपण ओवून दिलेला दोरा. मुलं गंभीर होऊन ऐकत होती. भैरवी म्हणाली, "पण काहीच झालं नव्हतं. मग ताईनं सांगितलं कशाला?"

गुरुजींनी नातीकडे पाहिलं. या प्रश्नाचं उत्तर कालच त्यांनी चुकीचं दिलं होतं.

"झाल्यावर सांगायला कुणी राहिलं नसतं," शिवरंजनी म्हणाली.

सोमवारी पहाटेच्या गाडीनं ती गेली. गळ्यात सुती पिशवी होती.

चौकशी तीन आठवडे चालली. तिला वर्षभर हॉलमध्ये प्रवेश नाही असं ठरलं आणि नमुने तपासायच्या खोलीत काम दिलं. ओतलेल्या इंधनाचे लहान लहान ठोकळे ओढून, ताणून, तोडून बघायचे, एवढंच तिथं. काही सहकारी तिच्याशी तुटक वागू लागले. एकजण तोंडावर म्हणाला, सांगायची काय गरज होती. हॉलच्या दारावरचे नियम बदलले होते. आता शब्दावर कुणाला सोडत नव्हते. गळ्यातला, दंडातला, मनगटातला प्रत्येक दोरा बघत होते. पहिल्याच दिवशी दोघांच्या मनगटांवर रेशमाचे आणि एकाच्या दंडात नायलॉनचा दोरा सापडला. तिघांचीही दोऱ्यावर श्रद्धा होती, आणि तिघांनाही तो कशाचा आहे हे माहीत नव्हतं. हे सगळं ती फोनवर सांगायची. आवाज नेहमीसारखा असायचा. पण मार्च जवळ आला तसं ती कमी बोलू लागली.

मोठ्या टप्प्याच्या ओतण्याचा दिवस गुरुजींनी लक्षात ठेवला होता. त्या दिवशी त्यांनी स्वतःहून फोन केला नाही. संध्याकाळी तिचाच आला.

"झालं का?" त्यांनी विचारलं.

"झालं. माझ्या जागी दुसरी होती. मी दोन किलोमीटर लांब, माझ्या खोलीत."

"वाईट वाटलं?"

"वाटलं. दुपारपर्यंत काम सुचलं नाही. मग पाच वाजता त्यांची बस आमच्या इमारतीवरून गेली. मी खिडकीत उभी राहून मोजलं, अज्जा. जेवढे गेले होते तेवढे आले."

शिवम्मा शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी खुणेनं विचारलं, काय म्हणते.

"सगळे घरी गेले म्हणते," गुरुजींनी सांगितलं आणि फोन त्यांच्या हातात दिला.